मोबाइल होल्डर : आधी जागा, मग खरेदी

सिग्नलला थांबलेल्या मोटारींच्या काचांतून सहज आत डोकावले, तर मोबाइल ठेवण्याच्या नाना तऱ्हा दिसतात. कुणाचा मांडीवर, कुणाचा गिअरपुढच्या खाचेत, कुणी तो स्पीडोमीटरला टेकवून उभा केलेला, तर कुणी स्टिअरिंगसह एकाच हातात धरलेला. प्रत्येकाला नकाशा पाहायचा असतो. काच खाली करून पानवाल्याला पत्ता विचारत जाण्याचे दिवस बरेचसे मागे पडले आहेत. परंतु रस्ता दाखवणाऱ्या या यंत्राला गाडीत हक्काची जागा असावी, याची निकड मात्र अनेकांना जाणवत नाही.

वास्तविक मोबाइल होल्डर ही काही महागडी वस्तू नव्हे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत तो दोन-तीनशे रुपयांपासून मिळतो. बिनतारी चार्जिंगची सोय असलेला घ्यायचा म्हटले, तर किंमत हजारांत जाते. गाडी घेताना मायलेज, रंग आणि सीट कव्हर यांवर आठवडाभर खल करणारा ग्राहक होल्डर मात्र पाच मिनिटांत उचलतो. तो बसवायचा कुठे, हा विचार घरी आल्यावर सुरू होतो. हा क्रम उलटा आहे. आपल्या गाडीत त्याची जागा कोणती, हे आधी ठरवले तर बाजारातले निम्मे प्रकार आपोआप बाद होतात आणि उरलेल्यांतून निवड करणे सोपे जाते.

हे शहाणपण प्रस्तुत लेखकाला ताम्हिणी घाटात आले. काही वर्षांपूर्वी भर पावसात पुण्याहून माणगावकडे उतरत होतो. समोरच्या काचेला रबरी वाटीने चिकटवलेला, लांब दांड्याचा होल्डर होता. घेतल्यापासून तो घट्ट बसलेला असल्याने काळजीचे कारण वाटले नव्हते. धुक्याने काच आतून धुरकटली, म्हणून काचेवर गरम हवा सोडली. पाच-सात मिनिटांत वाटी सुटली. होल्डर मोबाइलसह डॅशबोर्डवर आदळून पायांत पडला आणि नेमका ब्रेकच्या पेडलखाली सरकला. पेडल पुरते दाबले जाईना. पुढे एसटी होती. शेजारी बसलेल्या पत्नीचे ‘अहो, गाडी बाजूला घ्या’ एवढेच शब्द त्या क्षणीचे आठवतात. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती आणि वेग कमी होता, म्हणून हँडब्रेक बेताबेताने ओढून ती कडेला घेता आली. मोबाइलची काच तडकली, त्याचे त्या दिवशी काहीच वाटले नाही.

दोन सेकंदांचा हिशेब

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत सुमारे ३३ मीटर पुढे जाते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी १०० चा वेग असेल, तर तेवढ्याच वेळात ५५ मीटरहून अधिक. मांडीवरचा मोबाइल पाहण्यासाठी मान खाली घालणे, पडदा शोधणे, नकाशातला बाण कुठे आहे हे समजून घेणे आणि पुन्हा रस्त्याकडे पाहणे, यास दोन सेकंद सहज लागतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१३ साली मोटारीत बसवून येणाऱ्या पडद्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. पडद्यावरील कोणत्याही कामासाठी चालकाची नजर एका वेळी दोन सेकंदांहून अधिक काळ रस्त्यावरून हटू नये आणि ते काम अशा नजरा मिळून एकूण बारा सेकंदांत संपावे, अशी मर्यादा त्यांत सुचवलेली आहे. आपण खरेदी करणार असलेल्या होल्डरला हीच कसोटी लावायला हरकत नाही. नजरेचा प्रवास जेवढा कमी, तेवढी जागा चांगली.

दुसरा हिशेब पकडीचा. ताशी ५० च्या वेगाने जाणारी गाडी एकाएकी कशावर तरी आदळून थांबली, तर सुटा मोबाइल त्याच वेगाने पुढे जात राहतो. हा वेग म्हणजे एखादी वस्तू सुमारे १० मीटर उंचीवरून खाली पडताना गाठते तेवढा; घरगुती भाषेत, तिसऱ्या मजल्यावरून टाकलेला मोबाइल. आजचे मोठ्या पडद्याचे मोबाइल कव्हरसह दोनशे ते अडीचशे ग्रॅम वजनाचे असतात. डॅशबोर्डवर नुसता ठेवलेला किंवा होल्डरमध्ये जेमतेम अडकवलेला मोबाइल अशा वेळी कुणाच्या तोंडावर लागेल, हे सांगता येत नाही.

मुळात होल्डर हवाच का, हाही प्रश्न विचारून पाहावा. मोटारीच्या स्वतःच्या पडद्यावर मोबाइलचा नकाशा आणणारी ॲपलची कारप्ले ही सुविधा २०१४ साली आणि गुगलची अँड्रॉइड ऑटो २०१५ साली बाजारात आली. आपल्या गाडीत यांपैकी काही असेल आणि पडदा डॅशबोर्डवर उंच बसवलेला असेल, तर मोबाइल केबल जोडून खणात ठेवावा आणि होल्डरचा विषय तिथेच संपवावा. पडदा गिअरच्या जवळ, फार खाली असेल तर मात्र होल्डर बरा. ज्यांच्या गाडीत जुना रेडिओ किंवा सीडी प्लेअरच आहे, त्यांच्यासाठी पुढील मजकूर.

जागा कोणती?

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. त्याच्या उजव्या हाताला, पुढची काच आणि दरवाजा यांच्यामध्ये, छताला आधार देणारा खांब असतो. हा खांब डोळ्यांच्या जवळ असल्याने त्याच्याआड चालता माणूस किंवा आख्खी स्कूटर लपू शकते, विशेषतः उजवीकडे वळताना. याच कोपऱ्यात काचेवर मोबाइल लावला, की आडोसा आणखी रुंदावतो. अनेक टॅक्सींत तो नेमका तिथे दिसतो, कारण उजवा हात तेथे सहज पोहोचतो. उघड्या खिडकीलगतचा मोबाइल सिग्नलला बाहेरून कुणी हिसकावण्याचीही भीती असतेच.

मध्यभागी, आरशाखाली लावलेला मोबाइल तर समोरचा रस्ताच झाकतो. तिथे तो देखणा दिसतो, एवढेच. कॅलिफोर्निया राज्याच्या वाहन कायद्यात याबाबत स्पष्ट मोजमाप दिले आहे : दिशादर्शक उपकरण काचेच्या खालच्या कोपऱ्यातच लावता येते, चालकापासून दूरच्या कोपऱ्यात सात इंचांचा चौरस आणि चालकाच्या बाजूच्या कोपऱ्यात पाच इंचांचा. हा नियम तिकडचा असला, तरी त्यामागील विचार कुठल्याही गाडीला लागू पडतो. वायपर जेवढा भाग पुसतात, त्याच्या मध्यावर काहीही नसावे.

आपल्या गाड्यांत सर्वांत सोयीची जागा म्हणजे स्टिअरिंगच्या डावीकडे, मधल्या एसी जाळ्यांच्या आसपास, डॅशबोर्डच्या वरच्या कडेलगत. मोबाइलची वरची कड बॉनेटच्या रेषेच्या फारशी वर जाऊ नये. चालकाने सीटवर नेहमीसारखे बसून पाहावे आणि कुटुंबातील एखाद्या लहान मुलाला गाडीच्या पुढून, डावीकडून उजवीकडे, चालायला सांगावे. गाडी अर्थातच बंद ठेवून, सोसायटीच्या आवारात. मोबाइलमुळे ते मूल क्षणभरही दिसेनासे होत असेल, तर जागा बदलावी.

याखेरीज एका गोष्टीचा विसर पडता कामा नये, ती म्हणजे एअरबॅग. भारतात विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारींना चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली आणि पुढे शेजारच्या आसनासाठीही ती आवश्यक ठरली. डाव्या बाजूला डॅशबोर्डवर ‘एअरबॅग’ अशी अक्षरे कोरलेली असतात. ते झाकण अपघाताच्या वेळी उघडते आणि पिशवी डोळ्यांची पापणी लवण्याच्या आत फुगते. त्या झाकणावर होल्डर चिकटवणे म्हणजे शेजारी बसणाऱ्याच्या चेहऱ्यावर नेम धरून दगड ठेवण्यासारखे आहे. ज्या गाड्यांना सहा एअरबॅग आहेत, त्यांच्या बाजूच्या पिशव्या छताच्या कडेतून खाली उलगडतात. म्हणून खांबाच्या आवरणावरही काही अडकवू नये. स्पीडोमीटरच्या छपरीला चिमट्याने अडकवायचे होल्डर अलीकडे बरेच दिसतात. ते समोरासमोर असल्याने नजरेला सोयीचे असतात, परंतु मोठा मोबाइल वेगाचा काटा किंवा धोक्याचे दिवे झाकतो, आणि स्टिअरिंगमधील एअरबॅग त्याच्या अगदी जवळ असते. हा प्रकार टाळलेला बरा.

रबरी वाटी आणि चिकटपट्टी

मोबाइलच्या आधी दिशादर्शक यंत्रे स्वतंत्र मिळत, गार्मिन, टॉमटॉम, मॅपमायइंडिया अशा नावांची. त्यांच्यासोबत काचेला चिकटणारी वाटी असे. २००९ साली गुगलने अमेरिकेत अँड्रॉइड मोबाइलवर वळणावळणाला सूचना देणारा नकाशा मोफत दिला आणि त्या यंत्रांची सद्दी संपू लागली. आपल्याकडे २०१० साली ओला व २०१३ साली उबर आली, आणि टॅक्सीचालकांच्या गाड्यांत होल्डर ही गरजेची वस्तू झाली. यंत्र गेले, वाटी राहिली.

ही वाटी, म्हणजे सक्शन कप, हवेच्या दाबावर चालते. आतील हवा दाबून बाहेर काढली, की बाहेरची हवा तिला काचेवर दाबून धरते. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो. सहा सेंटिमीटर व्यासाच्या वाटीवर तो हिशेबाने पंचवीस किलोंहून अधिक भरतो. पाव किलोचा मोबाइल म्हणजे काहीच नव्हे. मग ती पडते का? कडेतून हवा आत शिरते म्हणून. काचेवरची धूळ, तेलकट थर, आतून जमलेले बाष्प किंवा वाटीच्या कडेला पडलेली सुरकुती एवढे कारण पुरते. उन्हात किंवा गरम हवेच्या झोतात आत उरलेली थोडी हवा प्रसरण पावते आणि मऊ झालेले रबर आपला आकार सोडते. ताम्हिणीत घडले ते हेच.

म्हणून वाटी लावण्यापूर्वी काच साबणाच्या पाण्याने धुऊन, कोरडी करून घ्यावी. वाटीची कड ओल्या बोटाने किंचित पुसावी, मध्यभागी तळव्याने दाबावे आणि मगच खटका खाली करावा. लांबच्या प्रवासाला निघताना खटका सोडून ती नव्याने बसवणे ही चांगली सवय. कड वाकडी झालेली वाटी काही मिनिटे गरम पाण्यात ठेवली, तर बहुधा पूर्वपदावर येते. रबर कडक होऊन तडे गेले असतील, तर होल्डर बदलावा. काही वाट्यांच्या खाली चिकट जेलचा थर असतो; तो खडबडीत डॅशबोर्डवरही धरतो आणि धूळ बसली की पाण्याने धुऊन हवेत वाळवला असता पुन्हा चिकटतो. कापडाने मात्र पुसू नये, धागे अडकतात.

दांडा जेवढा आखूड, तेवढा चांगला. काच मागे कललेली असलेल्या गाड्यांत मोबाइल जवळ आणण्यासाठी लांब दांडा लागतो; पण आपल्या रस्त्यांवर तो पंख्यासारखा हलतो आणि थरथरणारा नकाशा वाचायला डोळ्यांना जास्त वेळ लागतो. दुकानात होल्डर हातात धरून मोबाइलसह जोराने हलवून पाहावा. मानेचा गोळा आणि त्यावरची चक्री घट्ट केल्यावरही मोबाइल खाली झुकत असेल, तर तो होल्डर परत ठेवावा. बाजूचे दोन पंजे मोबाइल बंद-चालू करायच्या किंवा आवाजाच्या कळीवर येत नाहीत ना, खालची पायली चार्जिंगची जागा अडवत नाही ना, हेही आपला स्वतःचा मोबाइल त्याच्या कव्हरसह लावूनच कळते. ऑनलाइन खरेदीत नेमकी ही सोय नसते. म्हणून परत घेण्याची मुदत पाहून मागवावे.

दुहेरी चिकटपट्टीने डॅशबोर्डवर कायमचा बसणारा होल्डर हा माझ्या मते रोजच्या वापरासाठी सर्वांत भरवशाचा, मात्र तो बसवताना घाई चालत नाही. अशी मजबूत फोमची पट्टी बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीच्या माहितीनुसार, सामान्य तापमानात तिची पकड २० मिनिटांत सुमारे निम्मी, २४ तासांत ९० टक्के आणि ७२ तासांत पूर्ण होते. आपण मात्र पट्टी लावली, की पाचव्या मिनिटाला मोबाइल अडकवतो आणि आठवड्याने ‘माल वाईट निघाला’ म्हणतो. शुक्रवारी रात्री पट्टी लावावी आणि मोबाइल सोमवारी सकाळी ठेवावा. त्याआधी डॅशबोर्ड पुसणे आवश्यक. गाडी धुणारा चकाकीसाठी जे पॉलिश मारतो, त्यात बहुधा सिलिकॉन असते आणि त्यावर कुठलीच पट्टी टिकत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन दोनदा पुसावे, वाळू द्यावे. डॅशबोर्ड फार खडबडीत किंवा मऊ चामड्यासारखा असेल, तर पट्टीचा नाद सोडावा.

जाळी, चुंबक आणि इतर

एसीच्या जाळीवर अडकवायचा होल्डर शहरात सर्वाधिक दिसतो. तो काच झाकत नाही, हाताच्या अंतरावर असतो आणि उन्हाळ्यात थंड हवेमुळे मोबाइल तापत नाही, हे त्याचे गुण. दोष दोन. जाळीच्या पात्या नाजूक प्लास्टिकच्या असतात. मोबाइलचे वजन आणि रस्त्यातील खड्डे यांनी त्या सैल पडतात किंवा तुटतात, आणि सुटी पाती न मिळाल्यास आख्खी जाळी बदलावी लागते. नुसत्या चिमट्याऐवजी पातीच्या मागे अडकणारा आकडा आणि डॅशबोर्डला टेकणारा पाया असलेला प्रकार घ्यावा. गोल जाळ्या किंवा उभ्या पात्या असलेल्या गाड्यांत तोही नीट बसत नाही. दुसरा दोष हिवाळ्यातला. पहाटे हीटर लावला, की गरम हवा थेट मोबाइलच्या पाठीवर येते. ती जाळी तेवढी बंद ठेवली की झाले.

चुंबकाचे होल्डर वापरायला सर्वांत सोपे : मोबाइल नेला, की चिकटला. पूर्वी यासाठी मोबाइलच्या पाठीला लोखंडी चकती लावावी लागे. ही चकती बिनतारी चार्जिंग अडवते आणि तशा चार्जरवर ठेवल्यास तापतेही, हे लक्षात असू द्यावे. २०२० साली आयफोनच्या बाराव्या मालिकेपासून मागील बाजूस चुंबकांचे वर्तुळ आतच आले, आणि २०२३ पासून त्याच धर्तीवरील ‘क्यूआय२’ हे सर्वसामान्य मानक आले. अशा मोबाइलला चकती लागत नाही, परंतु जाड साधे कव्हर मध्ये आले तर पकड निम्म्यावर येते. चुंबकाने नकाशातील दिशेचा बाण क्वचित गोंधळतो. गाडी चालू लागली की तो बहुधा ताळ्यावर येतो. ज्यांना हृदयाचा पेसमेकर बसवलेला आहे, त्यांनी मात्र चुंबक असलेल्या वस्तू छातीपासून दूर ठेवाव्यात. ॲपलने आपल्या उपकरणांसाठी १५ सेंटिमीटर, आणि बिनतारी चार्जिंग चालू असताना ३० सेंटिमीटर, असे किमान अंतर सांगितले आहे. डॅशबोर्डवरचा होल्डर एवढ्या अंतरावर असतोच. प्रश्न मोबाइल काढून वरच्या खिशात ठेवण्याच्या सवयीचा आहे.

कप ठेवण्याच्या खाचेत बसणारे होल्डर मजबूत असतात, पण मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर येतो. नजर तेथवर जाऊन परत येईपर्यंत पुढची गाडी थांबलेली असते. ते मागच्या सीटवरील प्रवाशांना द्यावेत. सीडीच्या फटीत बसणारा प्रकार मात्र जुन्या गाडीत फार उत्तम. त्या फटीचा आता दुसरा उपयोगही राहिलेला नाही. आणि दुचाकीच्या हँडलवर मोबाइल लावणाऱ्यांसाठी एक सावधगिरी : मोठ्या इंजिनांच्या मोटारसायकलींची थरथर मोबाइलच्या कॅमेऱ्यातील सूक्ष्म यंत्रणा बिघडवू शकते, असा इशारा ॲपलने २०२१ साली दिला होता. तेथे कंपन शोषणारा जोड वापरावा.

ऊन आणि चार्जिंग

विदर्भात किंवा मराठवाड्यात उन्हाळ्यात गाडी चालवणाऱ्यांचा अनुभव असा, की ऐन हमरस्त्यावर मोबाइलचा पडदा मंद होतो, चार्जिंग थांबते आणि तापल्याची सूचना येते. हा मोबाइलचा बिघाड नव्हे. आयफोन वापरण्यासाठी शून्य ते ३५ अंश सेल्सिअस आणि नुसता ठेवून देण्यासाठी उणे २० ते ४५ अंश अशी मर्यादा ॲपलने दिलेली आहे. काचेमागे भर उन्हात नकाशा, मोबाइलचे नेटवर्क, पूर्ण उजेडाचा पडदा आणि चार्जिंग हे सगळे एकाच वेळी चालू असले, की ती सहज ओलांडली जाते. बिनतारी चार्जिंगचा होल्डर यात स्वतःच्या उष्णतेची भर घालतो. म्हणून उन्हाळ्यात केबल बरी.

गाडी उभी करून जाताना मोबाइल होल्डरमध्ये ठेवून जाऊ नये, हे चोरीपेक्षाही उष्णतेसाठी सांगायला हवे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. उन्हात तासभर उभ्या असलेल्या गाड्यांच्या आतील हवा सरासरी ४७ अंश आणि डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांपर्यंत तापल्याचे त्यात आढळले. आपल्याकडे अकोला, चंद्रपूरच्या मे महिन्यात याहून वेगळे काय घडणार? होल्डरची वाटीही अशा वेळी उतरवून खणात ठेवावी. काचेवर तिचा गोल डाग उरतो, तो पुसून टाकावा. आत काही किमती वस्तू असल्याची ती खूण असते.

जुन्या गाड्यांतील यूएसबीची जागा बहुधा गाणी ऐकण्यापुरती असते. तिच्यातून मिळणारी वीज नकाशाला पुरत नाही आणि चार्जिंग लावूनही टक्के घटत जातात. सिगारेट लायटरच्या जागी बसणारा चांगल्या कंपनीचा चार्जर घ्यावा. केबल बेताच्या लांबीची असावी आणि ती गिअर किंवा स्टिअरिंगच्या आड येणार नाही अशी, डॅशबोर्डच्या कडेने न्यावी.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८४ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली आणि वाहन चालवताना हातात धरून संपर्काचे साधन वापरणे हे धोकादायक पद्धतीने वाहन चालवण्याच्या व्याख्येत स्पष्टपणे आले. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्यानंतर केंद्रीय मोटार वाहन नियमांतील बदल १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाला. त्यानुसार अशा साधनाचा वापर केवळ मार्ग पाहण्यासाठी आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशाच रीतीने करता येतो. म्हणजे नकाशाला मुभा आहे, सिग्नलला थांबून व्हॉट्सॲप वाचायला नाही. होल्डर बसवला म्हणजे सगळेच माफ झाले, असा समज बराच पसरलेला आहे. क्रिकेटचा सामना होल्डरवर लावून गाडी हाकणारे महाभाग द्रुतगती मार्गावर आपणही पाहिले असतील.

वापर करताना

गाडी सुरू करण्यापूर्वी ठिकाण टाकावे, पूर्ण मार्ग एकदा नजरेखालून घालावा आणि आवाजी सूचना चालू कराव्यात. मराठीतही त्या मिळतात. कान काम करत असले, की डोळ्यांना पडद्याकडे जाण्याचे कारण उरत नाही. घाटात नेटवर्क जाते. कोकणात किंवा सह्याद्रीच्या आडवाटांवर जाताना त्या भागाचा नकाशा घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवावा. सूचना, मेसेज यांचे आवाज बंद करण्याची सोय प्रत्येक मोबाइलमध्ये आहे, ती वापरावी. मार्ग बदलायचा झाला, तर शेजारच्याला सांगावे किंवा गाडी कडेला घ्यावी. रात्री पडदा काळ्या पार्श्वभूमीवर ठेवावा, अन्यथा त्याचे प्रतिबिंब काचेत तरंगते. पोलराइज्ड गॉगल वापरणाऱ्यांना उभा मोबाइल काही वेळा काळा दिसतो. तो आडवा करून पाहावा.

टॅक्सीचालकांची अडचण वेगळी आहे, आणि त्यांच्यावर नुसते चिडून उपयोग नाही. प्रवासी गाडीत असतानाच पुढच्या भाड्याची सूचना पडद्यावर येते आणि ती स्वीकारायला मोजके सेकंद असतात. न स्वीकारली, तर त्या दिवसाच्या कमाईला फटका. एका टॅक्सीत पुढे दोन आणि बाजूला एक असे तीन मोबाइल पाहिले. विचारल्यावर चालक म्हणाला, ‘‘काका, एक कंपनीचा, एक दुसऱ्या कंपनीचा आणि एक घरचा.’’ वाशीच्या पुलावर त्यातील दोन एकदमच वाजू लागले. ‘‘दादा, माझी घाई नाही, पूल संपला की बाजूला घेऊन बघा,’’ असे म्हणताच त्याने मान डोलावली आणि खरोखर पुढे जाऊन गाडी थांबवली. दोन मिनिटे गेली. मागे बसणाऱ्याने एवढे सांगण्यात संकोच करू नये. चालकालाही ते ऐकायचे असते, फक्त तसे सांगणारा भेटत नाही.

गाडी विकताना किंवा होल्डर बदलताना चिकटपट्टी ओढून काढू नये. डॅशबोर्डचा वरचा थर तिच्याबरोबर निघतो. केस वाळवण्याच्या यंत्राने ती मिनिटभर कोमट करावी, मागून मासेमारीचा बारीक नायलॉनचा दोरा करवतीसारखा फिरवावा आणि उरलेला चिकटपणा अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून काढावा. तरीही फिकट चौकोन राहिलाच, तर नवा होल्डर त्यावरच बसवावा.